आईचं गाणं, बाबांचं गाणं

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
शि. सा. नमस्कार.

टेपांचं काम संपलं. मे महिन्यात माळ्यावरून काढून इकडे बडोद्याला आणलेलं कॅसेटचं खोकं आता पूर्ण संगणकात उतरलं आहे. फोनवर सांगायला गेलं की बाबा नुसतं "हो, हो" म्हणतात, म्हणजे ऐकू आलेलं नसतं. म्हणून कागदावर, मोठ्या अक्षरात लिहिते आहे. आई, चष्मा लाव आणि मोठ्याने वाच.

आधी कामाचं सांगते. बऱ्याच कॅसेटांना बुरशी आली होती. पुण्याचा पावसाळा आणि माळ्यावरचं बंद खोकं, दुसरं काय होणार! काहींच्या आतला टेप दाबून धरणारा नमद्याचा बारीक तुकडाच गळून पडला होता. त्या उघडून टेप दुसऱ्या सुस्थितीतल्या कॅसेटच्या कव्हरात घालून वाजवली. मधूनमधून डेकचं हेड स्पिरिटने पुसायचं, की आवाज पुन्हा स्वच्छ. साठ मिनिटांची कॅसेट उतरवायला साठच मिनिटं लागतात, त्यात घाई चालत नाही. त्यामुळे रात्रीची जेवणं झाली की एक लावायची आणि समोर बसून ऐकायची, असा नेम झाला होता.

इतकं सगळं सलग ऐकल्यावर एक गोष्ट मनात फार ठळक झाली, आणि ती तुम्हा दोघांना सांगायची आहे. आपल्याकडे कोणीही आलं की रेकॉर्डचं कपाट बघायचं आणि बाबांकडे वळून म्हणायचं, "काय संग्रह आहे तुमचा!" घरातलं गाणं बाबांचं, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. आई चहा घेऊन यायची आणि आत जायची. पण या खोक्यातल्या निम्म्याहून जास्त कॅसेटांवर अक्षर आईचं आहे. विकत घेतलेलं, दुकानातलं गाणं बाबांचं. रेडिओवरून टिपून ठेवलेलं आईचं.

आई, शनिवारी रात्री साडेनऊला आकाशवाणीचा संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम लागायचा तेव्हा तू टू-इन-वनसमोर दोन बोटं दोन बटणांवर ठेवून बसायचीस, ते मला स्वच्छ आठवतं. निवेदिकेचं बोलणं संपलं रे संपलं की दोन्ही बटणं एकदम खाली. ओटा तोवर आवरलेला असायचा, आणि नसला तरी तू उठायची नाहीस. पुणे केंद्रावरचं सकाळचं गाणं मात्र स्वयंपाकाच्या वेळेतच यायचं. माणिक वर्मांच्या एका कॅसेटमध्ये ऐन आलापीत आपल्या कुकरची शिट्टी आहे, मागे आजीचा खोकला आहे, आणि "अगं, रेकॉर्डिंग चालू आहे" असा तुझा दबका आवाज आहे. मला तो आवाज साफ करणारं सॉफ्टवेअर वापरता आलं असतं. मी त्याला हात लावलेला नाही आणि लावणारही नाही.

बाबांचं गाणं म्हणजे सवाई. वाईहून शिकायला आलेला मुलगा पहिल्याच हिवाळ्यात मित्राबरोबर सवाई गंधर्व महोत्सवाला गेला आणि पहाटे बाहेर पडला तेव्हा त्याचं आयुष्य ठरून गेलं होतं, हे बाबांनी आम्हाला किती वेळा सांगितलं असेल! दर वेळी ते मला तितकंच खरं वाटलं. भीमसेनजींनी गुरूंच्या आठवणीसाठी 1953 साली हा महोत्सव सुरू केला. कुंदगोळच्या रामभाऊंना, म्हणजे सवाई गंधर्वांना जाऊन तेव्हा वर्षच झालं होतं. पुढे भीमसेनजी एवढे मोठे झाले, तरी डिसेंबर आला की ते आधी आयोजक आणि मग गायक. मांडवात मागे उभं राहून दुसऱ्याचं गाणं ऐकणारे भीमसेन जोशी मी बाबांच्या खांद्यावरून पाहिले आहेत. हे माझं भाग्य मी इथे ज्याला त्याला सांगत असते.

महोत्सव आधी भरायचा ते रेणुका स्वरूप शाळेचं पटांगण मला पुसटसं आठवतं, नंतरची रमणबाग शाळा मात्र पक्की. सतरंजीची गुंडाळी, शाली, बाबांची कानटोपी, थर्मास, आणि आईने बांधून दिलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या. तेव्हा गाणं रात्रभर चालायचं. लहान मुलं सतरंजीच्या कडेला झोपायची, आणि मध्येच जाग आली की वर मांडवाचं कापड आणि कानात तंबोरे. तो आवाज कुठून सुरू होतो आणि कुठे संपतो हे मला कधी कळायचं नाही. अजूनही गाण्याचा विचार केला की गायकाच्या आधी मला तंबोराच ऐकू येतो.

फिरोज दस्तूर बसले की लोक "गोपाला" म्हणून ओरडायचे. दर वर्षी तीच फर्माईश, आणि दर वर्षी दस्तूरजी हसून ती पुरवायचे. अब्दुल करीम खाँसाहेबांनी गायलेली ती चीज एक पारशी गृहस्थ इतक्या व्याकूळतेने गायचे की शेजारच्या काकू पदर डोळ्यांना लावायच्या. गंगूबाई हनगल यायच्या. लहानसा देह, आणि आवाज मात्र मांडवाच्या खांबांना पेलणार नाही असा. मग शेवटी भीमसेनजी. आणि सगळं संपल्यावर सवाई गंधर्वांची जुनी रेकॉर्ड लावायचे, तेव्हा हजारो माणसं उभी राहून, चपला हातात घेऊन, न बोलता ऐकायची. त्या काळच्या तबकडीवर मावायची तेवढी तीन-साडेतीन मिनिटांची भैरवी. रात्रभर मोठमोठ्या मैफली ऐकलेल्या माणसांना ती तीन मिनिटं पुरून उरायची.

पण आई, तू त्या रात्री कुठे होतीस? घरी. आजीला रात्री एकटं ठेवता येत नव्हतं, धाकट्याला ताप असायचा, कधी दुसऱ्या दिवशी घरात काही कार्य असायचं. तुझ्या वाट्याला रविवारचं सकाळचं सत्र यायचं, तेही सगळं आवरून. आम्ही पहाटे परत आलो की तू दार उघडतानाच विचारायचीस, "शेवटी काय गायले?" बाबा रागाचं नाव सांगायचे, आणि चहा टाकता टाकता तू त्यातली एखादी जागा गुणगुणायचीस. बाबा म्हणायचे, "अगदी असंच! पण तू तर नव्हतीस." या कॅसेटा ऐकताना ते मला पुन्हा पुन्हा आठवत राहिलं. बाबा सांगायचे तो प्रत्येक राग तू रेडिओवरून शिकून ठेवला होतास. गुरू नाही, शिकवणी नाही, हातात लाटणं.

आणि गीतरामायण तर तुझं होतंच. 1 एप्रिल 1955 ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवर पहिलं गीत लागलं तेव्हा तू आठ वर्षांची होतीस. वाड्यात रेडिओ एकच, तो मालकांच्या ओसरीवर. पुढे वर्षभर दर आठवड्याला नवं गीत, आणि त्या वर्षी अधिक महिना आला म्हणून एकूण छप्पन्न. तू ओळी पाटीवर उतरवायचीस, मागे राहिलेल्या शब्दांसाठी शेजारणीला विचारायचीस. पुढे बाबांनी सुधीर फडक्यांच्या आवाजातला रेकॉर्डचा संच आणला. ऐकून झाल्यावर तू म्हणालीस, "बाबूजींचं सुंदरच आहे, पण सीता माणिकबाईंची." रेडिओवर प्रत्येक पात्राला वेगळा आवाज होता हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. बाबा थोडे हिरमुसले होते. तू बरोबर होतीस.

आता इथे बडोद्यात मला जे उमगलं ते सांगते. लक्ष्मी विलास पॅलेससमोरून रोज ऑफिसला जाते. याच संस्थानच्या दरबारात अब्दुल करीम खाँ गवई होते, आणि इथूनच ते आणि ताराबाई माने बरोबर बाहेर पडले. पुढे दोघं वेगळी झाली. मुलं आईकडे राहिली आणि त्यांनी आईचं आडनाव लावलं. सुरेशबाबू माने आणि पुढे बडोदेकर म्हणून गाजलेल्या हिराबाई ही त्यातलीच दोन. बाबा, तुमचं गाणं खाँसाहेबांकडून सवाई गंधर्वांकडे आणि त्यांच्याकडून भीमसेनजी, गंगूबाई, दस्तूर यांच्याकडे आलं. आईचं गाणं कुठून आलं बघा. माणिक वर्मा सुरेशबाबू आणि हिराबाईंकडे शिकल्या. प्रभा अत्रेही त्याच दोघांकडे. घरंदाज बायकांनी तिकीट लावून, मंचावर बसून गाणं लोकांच्या पचनी पडत नसे त्या काळात हिराबाईंनी ते मान ताठ ठेवून केलं. त्यांच्या शिष्यांचं गाणं आमच्या आईच्या ओट्यापर्यंत पोचलं. एकाच किराणा घराण्याच्या या दोन फांद्या आपल्या दोन खोल्यांच्या घरात वाढत होत्या, आणि आम्ही मात्र एकीलाच पाणी घातलं जातंय असं समजत होतो.

प्रभाताईंची मारुबिहाग आणि कलावतीची एचएमव्हीची रेकॉर्ड आठवते ना? कपाटातली ती एकच रेकॉर्ड आईने स्वतः, स्वतःच्या भिशीच्या पैशांतून आणलेली. आपल्या फिएस्टा रेकॉर्ड प्लेअरवर ती लागली की बाबासुद्धा पेपर खाली ठेवायचे. मारुबिहागची बाजू संपल्यावर रेकॉर्ड उलटण्याआधी आई थोडं थांबायची. आम्ही घाई केली तर म्हणायची, "आधीचा उतरू दे." मी आज मोबाइलवर गाणी ऐकते तिथे एक संपण्याआधी दुसरं चालू होतं, आणि मला तुझं ते थांबणं हवंसं वाटतं. मी ते सेटिंग बंदच करून टाकलंय.

बाकीच्याही किती गोष्टी वर आल्या. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांची 1967 ची 'कॉल ऑफ द व्हॅली', एका बाजूला काश्मीरच्या धनगराची सकाळ-दुपार आणि उलटल्यावर संध्याकाळ-रात्र. बाबांनी ती इतकी वाजवली की पहाडीच्या सुरुवातीला खरखर बसली, आणि आता कुठेही स्वच्छ पहाडी ऐकली तरी मला काहीतरी कमी वाटतं. कर्वे रोडवरच्या अलूरकरांच्या दुकानात बाबा एका कॅसेटसाठी जायचे आणि तासाभराने गप्पा आणि चार कॅसेटा घेऊन यायचे. वसंतराव देशपांडे गेले तेव्हा बाबा दोन दिवस कोणाशी धड बोलले नव्हते. कुमारजी, म्हणजे कुमार गंधर्व, गेले तो जानेवारी 1992 चा दिवसही आठवतो. बाबांनी निर्गुणी भजनांची कॅसेट लावली आणि आईने कोणीही न सांगता त्या संध्याकाळी दिवे उशिरा लावले. एका फुप्फुसावर गाणारा माणूस, क्षयाने अंथरुणाला खिळलेला असताना माळव्याची लोकगीतं ऐकत पडून राहिलेला आणि त्यातून स्वतःचं गाणं पुन्हा घडवणारा. बाबांनी हे मला दहावीच्या परीक्षेच्या आधी सांगितलं होतं. अभ्यासाचं एक अक्षरही न बोलता.

भीमसेनजींच्या कॅसेटांत एक चमत्कार सापडला. टेप वर्षानुवर्षं गुंडाळून पडली की एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर पुसट उमटतो. त्यामुळे शांततेनंतर तान सुटायच्या क्षणभर आधी तीच तान फार लांबून, अगदी हळू ऐकू येते. शास्त्रीय कारण सरळ आहे, पण मध्यरात्री एकटीने ऐकताना अंगावर काटा आला. तान आधी तिथे होती आणि ते फक्त तिच्याकडे पोचले, असं वाटलं.

आणि बाबा, आता खरं ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं त्या विषयाकडे येते. मे महिन्यात मी आले तेव्हा घरात गाणं नव्हतं. पंधरा दिवसांत एकदाही नाही. विचारलं तर म्हणालात, "कानाचं यंत्र लावल्यापासून तंबोरा बेसूर लागतो. भीमसेन घोगरे वाटतात. नको वाटतं." आणि आईनेही लावणं सोडलं, कारण तुम्हाला त्रास होतो. मला ते फार लागलं. म्हणून इथल्या एका ऑडिओलॉजिस्ट बाईंकडे जाऊन बसले, त्यांना सगळं सांगितलं. त्या गाणं शिकलेल्या निघाल्या, त्यामुळे पटकन समजल्या.

तुमच्या कानात दोष आहे तो वयाचा. वरच्या पट्टीचे बारीक आवाज आधी जातात, आणि तंबोऱ्याच्या जवारीची झणकार त्याच बारीक आवाजांची असते. तो भाग काही अंशी गेलाय, तो सगळा परत येणार नाही. पण बेसूर वाटतं त्यात बराचसा हात यंत्राचा आहे. ही यंत्रं माणसाचं बोलणं समजावं म्हणून बनवलेली असतात. बोलणं सतत चढत-उतरत असतं. जे एकसारखं चालू राहतं ते पंख्याचा, मोटारीचा गोंगाट समजून यंत्र दाबून टाकतं. तंबोरा तर एकसारखाच चालू राहतो! लांब धरलेला षड्ज किंवा बासरीचा सूर आला की यंत्राला वाटतं आपलीच शिट्टी वाजतेय, आणि ते थांबवायच्या नादात सूर थरथरवतं. शिवाय हळू आवाज मोठा आणि मोठा आवाज लहान करत राहतं, त्यामुळे भीमसेनजींचा तो मंद्रातून तार षड्जापर्यंतचा चढ सपाट होतो. तुमचा कान खोटं सांगत नव्हता, बाबा. तंबोरा खरोखरच बिघडून तुमच्यापर्यंत पोचत होता.

यावर उपाय आहे. बहुतेक नव्या यंत्रांत गाण्यासाठी वेगळा प्रोग्रॅम घालून घेता येतो. त्यात गोंगाट दाबणं बंद करतात, शिट्टीचा पहारा सैल करतात आणि लहानमोठा आवाज आहे तसा येऊ देतात. बोलण्यासाठी एक, गाण्यासाठी एक, बटण दाबून बदलायचं. तुम्हाला यंत्र दिलं तिथे हे कोणी विचारलं नाही आणि सांगितलंही नाही. आता आपण विचारायचं. कागदावर नेमकं काय म्हणायचं ते मी वेगळं लिहून सोबत जोडलंय. एका फेरीत जमेलच असं नाही. दोन-तीनदा जाऊन बसवून घ्यावं लागतं, असं त्या बाई म्हणाल्या. कंटाळून सोडू नका. किशोरीताई आमोणकर मंचावर येऊन तंबोरे आणि स्वरमंडल मनासारखं लागेपर्यंत गाणं सुरू करत नसत, लोक चुळबुळायचे आणि आई म्हणायची, "लागल्याशिवाय कशी गातील?" तेवढाच धीर आपल्या यंत्रासाठी ठेवा.

आणि तोवर घर मुकं ठेवू नका. आई, तू लाव. तुझ्या खोलीत, तुझ्यासाठी, तुझं गाणं. बाबांना त्रास होतो म्हणून तू ऐकणं सोडणं मला मान्य नाही, आणि बाबांनाही ते मान्य नसणार. आयुष्यभर तू इतरांच्या वेळा सांभाळून उरलेल्या वेळात ऐकलंस. एका छोट्या पेनड्राइव्हवर सगळं घालून कुरिअरने पाठवतेय. धाकट्याने आणलेल्या स्पीकरला तो मागून लागतो. नावं तुझ्याच शब्दांत ठेवली आहेत, तू कॅसेटवर लिहिलं होतंस तशी: 'माणिकबाई सकाळ', 'हिराबाई, पाऊस पडत होता', 'प्रभाताई, शनिवार'.

डिसेंबरात मी आठवडाभर येते आहे. महोत्सव आता मुकुंदनगरला असतो, रात्रभर चालत नाही, खुर्च्याही असतात, तेव्हा बाबांच्या गुडघ्यांची सबब चालणार नाही. तिकिटं मी काढते, या वेळी तीन. भीमसेनजी थांबल्यानंतर कित्येक वर्षं प्रभाताईंनी महोत्सवाची सांगता केली, आणि ते तू टीव्हीवरच्या बातमीत पाहिलंस, मांडवात बसून नाही. प्रभाताई 2024 च्या जानेवारीत गेल्या तेव्हा फोनवर तू एवढंच म्हणाली होतीस, "राहिलंच ऐकायचं." तेव्हापासून ते माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. यंदा शेवटच्या दिवसाचं शेवटचं गाणं आपण तिघं ऐकू. कोण का गात असेना.

कानाच्या दवाखान्यात जायचं ते माझ्या येण्याआधी उरकून घ्या, म्हणजे डिसेंबरला उपयोग होईल. जाताना मोबाइलवर नुसता तंबोरा वाजवून तपासा. तो बाबांच्या पट्टीत, काळी एकमध्ये, मी पेनड्राइव्हवर पहिलाच ठेवलाय आणि धाकट्याच्या फोनवरही पाठवलाय. आणि बाबा, आईला बरोबर न्या. त्या लोकांना तक्ते वाचता येतील, पण तंबोरा जसा ऐकू यायला हवा तसा येतोय का, हे तुम्हाला प्रश्न विचारून तिलाच कळेल.

धाकट्याला आणि सुनबाईंना आशीर्वाद. पत्र मिळालं की एक फोन करा.

तुमची,
मंजू